हात लावू नये!

लहान मुलाला दिवसातून सर्वांत अधिक वेळा कोणती आज्ञा ऐकावी लागते, असा प्रश्न केल्यास पुष्कळ गृहस्थ उत्तर देतील, 'खरे बोल' अथवा 'अभ्यास कर'. ज्याला ह्याची शहानिशा करावयाची असेल त्याने एखाद्या सुशिक्षित घरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून मोजदाद करावी. 'हात लावू नकोस' ह्या आज्ञेपुढे बाकीच्या सर्व आज्ञा फिक्या पडतात असे त्यास आढळून येईल. देवघरातील समईला हात लावू नकोस, आजीच्या औषधाला लावू नकोस, वडिलांच्या कागदांना लावू नकोस, पाहुण्यांच्या घरी तर कशालाच लावू नकोस! ह्यांपैकी काही बंधने रास्त आहेत. समई पेटलेली असते आणि औषध पोटात गेले तर प्राणावर बेतते. माझी तक्रार त्या रास्त बंधनांविषयी नाही. मुलांनी हात लावावा एवढ्याच हेतूने जी स्थळे मुद्दाम बांधली गेली, तेथेही आपण ही आज्ञा बरोबर घेऊन जातो, ही माझी तक्रार आहे. आणि ह्या अपराधात मी स्वतः सामील आहे हे आरंभीच कबूल करून टाकतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत सात वर्षांची नात व पाच वर्षांचा नातू ह्यांना घेऊन मी जालन्याहून एका मोठ्या शहरी गेलो होतो. मुलांनी स्वतः हाताळून शिकावे म्हणून उभारलेले एक संग्रहालय तेथे आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. कारण जे तेथे पाहिले ते थोड्याफार फरकाने अन्यत्रही पाहावयास मिळते, व एकट्यालाच चव्हाट्यावर आणणे न्यायाचे होणार नाही. दाराशीच पाटी होती : मुलांनो, या आणि हाताळा. आत पाऊल टाकताच कप्प्यांची एक मांडणी दिसली. नातू धावत गेला आणि त्याने दोरी धरली. दोरी हलेना. वर पाहतो तो 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लटकत होती, आणि चिठ्ठीचा कागदही पिवळा पडला होता. पुढे एका शाळेची सहल आली. शंभरएक मुले, एकामागे एक, प्रत्येकाचा उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर व डाव्या हाताचे बोट ओठांवर! दोन्ही हातांची अशी सोय लावल्यावर हाताळावयास तिसरा हात त्यांनी आणावा कोठून? ती रांग पाऊण तासात सगळी दालने ओलांडून पलीकडच्या दाराने बाहेर पडली.

ह्या सर्व गोष्टींवर मी मनातल्या मनात टीका करीत होतो. इतक्यात नातवाने पाण्याच्या एका पन्हळीत हात घालून तिचे लहानसे दार उचलले आणि पाणी त्याच्या नव्या सदऱ्यावर उडाले. मी त्याचा हात खसकन मागे ओढला. तो म्हणाला, "अण्णा, हात लावा असे तर लिहिले आहे!" मजजवळ उत्तर नव्हते. घरी परत येईपर्यंत ते सापडले नाही. आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

हाताळण्याच्या संग्रहालयाची कल्पना काही कालपरवाची नव्हे. केवळ मुलांसाठी म्हणून काढलेले पहिले संग्रहालय अमेरिकेतील ब्रुकलिन येथे 1899 साली उघडले. बॉस्टन येथे 1913 साली दुसरे निघाले. त्याची सूत्रे 1962 साली मायकेल स्पॉक ह्यांच्या हाती आली आणि तेथील वस्तू काचेच्या कपाटांतून बाहेर निघून मुलांच्या हाती आल्या. बालसंगोपनावरील ग्रंथामुळे ज्यांचे नाव जगभर झाले त्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक ह्यांचे हे चिरंजीव. आपल्याकडे मुंबईस वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्राचे उद्यान 1979 साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, खुले झाले व मुख्य इमारत 1985 साली. मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय काढले. तेव्हा कल्पना नवी आहे, लोक अजून तयार नाहीत, ही सबब आता चालणार नाही. कल्पना जुनी आहे; तिचा गाभा मात्र आपण घेतला नाही.

तो गाभा कोणता हे पाहण्यासाठी एका माणसाची हकिगत सांगणे अवश्य आहे. अणुबाँबच्या निर्मितीत ज्यांचे नाव गाजले त्या रॉबर्ट ओपेनहायमर ह्यांचे धाकटे बंधू फ्रँक हेही पदार्थविज्ञानाचे पंडित होते. राजकीय मतांच्या पायी 1949 साली त्यांना विद्यापीठातील जागा सोडावी लागली, आणि कोलोरॅडो प्रांतातील डोंगराळ मुलखात गुरे पाळून त्यांनी कित्येक वर्षे काढली. पुढे तेथल्याच एका खेड्यातील शाळेत ते शिकवू लागले. तेव्हा प्रयोगाचे साहित्य मिळावे म्हणून मुलांना ते गावाच्या उकिरड्यावर घेऊन जात व टाकाऊ यंत्रांचे भाग उचलून आणीत. ह्याच गृहस्थांनी 1969 साली सान फ्रान्सिस्को येथे 'एक्सप्लोरेटोरियम' हे जगप्रसिद्ध संग्रहालय काढले. तेथील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथील कारखाना, म्हणजे जेथे वस्तू घडवावयाच्या व मोडल्या तर दुरुस्त करावयाच्या ती जागा, त्यांनी मागील अंगास दडवून ठेवली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडेल अशी मांडली. मुलाने हात लावला की वस्तू मोडणारच, हे त्या माणसाने प्रथमपासून धरून ठेवले होते.

आपल्याकडे नेमके हेच धरलेले नसते. उद्घाटन थाटात होते, फीत कापली जाते, संगमरवरी शिळेवर नावे कोरली जातात. परंतु पुढील वर्षी तुटलेली दोरी बदलावयाची तर ती रक्कम कोणत्या सदरात घालावी हे कोणासच ठाऊक नसते. मग रखवालदार काय करील? वस्तू मोडली तर जाब त्याला विचारला जाणार, आणि ती वापरली गेली नाही तर कोणीही विचारणार नाही. तो शिट्टी वाजवून मुलांना दूर हाकलतो ह्यात त्याचा दोष नाही. ज्या जमाखर्चात मोडतोडीचे सदर नाही त्या जमाखर्चाचा तो दोष आहे.

मोडतोडीच्या ह्या भीतीतून दुसरे एक पाप जन्मास आले आहे. ते म्हणजे कळ दाबण्याची खेळणी. कळ दाबावी, दिवा लागावा, चाक फिरावे, ध्वनिमुद्रित आवाजाने दोन वाक्ये बोलावी, आणि मुलाने पुढच्या कळीकडे धाव घ्यावी! कळ मजबूत असते, मोडत नाही, म्हणून व्यवस्थापकांना ती प्रिय. आणि मुले धावताना दिसतात म्हणून पालकांना ती प्रिय. परंतु कळ दाबणे म्हणजे हात लावणे नव्हे. कळ दाबणाऱ्या बोटाला चाकाचे वजन कळत नाही, त्याचा अडथळा कळत नाही, आणि आपण निराळ्या तऱ्हेने दाबले असते तर काय झाले असते हेही कळत नाही.

ह्याच्या उलट कप्पीचे साधे उदाहरण घ्या. विहिरीवरची एकुलती एक कप्पी जोराची दिशा तेवढी बदलते. घागरीचे ओझे आहे तितकेच राहते. परंतु दोन वर व दोन खाली अशा चार कप्प्या बांधून ओझे दोरीच्या चार पदरांवर टांगले, तर घर्षण सोडून दिल्यास चौथा हिस्सा जोर पुरतो. पाच वर्षांचे मूल धान्याचे पोते हातभर उचलते आणि आपल्याच बळाचे नवल करीत उभे राहते. मग त्याच्या ध्यानात येते की पोते हातभर वर न्यावयाचे तर दोरी चार हात ओढावी लागली. जोरात जे वाचले ते अंतरात भरावे लागले! ह्या व्यवहाराचे गणित ते पुढे दहा वर्षांनी शिकेल. परंतु त्याचा अनुभव त्याच्या दंडात आजच बसला. हे काम कळीने होत नाही, काचेतून पाहून होत नाही, आणि मास्तरांनी फळ्यावर कितीही सुबक आकृती काढली तरी होत नाही.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व पाश्चात्त्यांचे व धनिकांचे चोचले आहेत. दुष्काळी मराठवाड्यातील जिल्ह्याला ते कसे परवडावेत? हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास वाचलेला नाही असे नाइलाजाने म्हणावे लागते. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्याच्या सागरकाठी बोर्डी येथे व पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. माँटेसोरीबाईंची पद्धती त्यांनी घेतली. पण त्या पद्धतीची महागडी लाकडी साधने त्या मुलांना परवडण्याजोगी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांनी साधने केली, आणि मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच मुलाच्या अंगणात नेली. आमच्याच काळात अरविंद गुप्ता ह्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या भांडवलावर भूमितीचे घनाकार मुलांच्या हातून करवून घेतले, आणि पुण्यास आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी घडविली. जिला दमडी लागत नाही ती विद्या पैशाच्या अभावी अडून राहिली आहे, असे सांगण्याचे धाडस निदान ह्या महाराष्ट्रात तरी कोणी करू नये.

आता जालन्याकडे वळू. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. हा पाळणा हलविला कोणी? हातांनी. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी 1964 साली येथे बियाण्यांची कंपनी स्थापिली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि ह्या गावाचे नाव बियाण्यांसाठी देशभर झाले. संकरित कापसाचे बियाणे कसे तयार होते हे ह्या गावच्या किती मुलांना ठाऊक असेल? संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर बोटांनी काढून टाकावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातील पराग त्या फुलाला लावावयाचे. एकेक फूल घेऊन, हातांनी. दुसरा उद्योग पोलादाचा. देशोदेशीचे भंगार येथे येते, विजेच्या भट्ट्यांत वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. म्हणजे ज्या टाकाऊ लोखंडासाठी ओपेनहायमर मुलांना घेऊन उकिरडे धुंडाळीत होते, ते आमच्या औद्योगिक वसाहतीत मालमोटारींनी येऊन पडते! आणि ह्या गावचे मूल चुंबकाने लोखंड निराळे व तांबे निराळे कसे काढावे हे पाहावयास चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबईस जाणार, व तेथे रांगेत ओठांवर बोट ठेवून उभे राहणार!

ह्या जिल्ह्याचे हातांनी शिकण्याचे दालन ह्या जिल्ह्यातूनच निघाले पाहिजे. तिफणीच्या चाड्यात बी सोडले म्हणजे ते तीन नळ्यांतून सारखे कसे उतरते, हे मुलाने स्वतः बी सोडून पाहावे. हातचरकीवर कापूस घालून सरकी एकीकडे व रुई दुसरीकडे पडताना पाहावी. ओल्या फडक्यात हरभरा गुंडाळून चौथ्या दिवशी तो फोडून आतला कोंब शोधावा. जालन्याने 2012-13 चा दुष्काळ सोसला आहे; मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ह्याच तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे करून व शेततळी खोदून द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. एका मोठ्या परातीत वाळूचा डोंगर करावा, झारीने पाऊस पाडावा, एका बाजूस बांध घालावेत, दुसरी बाजू उघडी ठेवावी. पाणी कोठे मुरते व माती कोठे वाहून जाते हे मुलाला सांगण्याचीही गरज उरणार नाही.

भोकरदनचे उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. तेथील दात्यांची नावे सांचीच्या दानलेखांत कोरलेली आहेत. 1973 साली तेथे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक अवशेष सापडला. इटलीतील पाँपेई ह्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात 1938 साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे विलक्षण साम्य आहे. अशी मूळ वस्तू काचेआडच असली पाहिजे, तिला कोणीही हात लावू नये, हे मी शपथेवर सांगेन. परंतु वाळूच्या हौदात आजच्याच कुंभाराची फुटलेली खापरे पुरून ठेवावयास काय हरकत आहे? मुलांनी ती कुंचल्याने हळूहळू मोकळी करावी व जोडून पाहावी. ज्याच्या हातून एक तुकडा जुळला नाही, त्यालाच काचेआडच्या त्या मूर्तीपुढे आपोआप हात मागे घ्यावासा वाटेल. जपणूक शिकावयाची ती हाताळूनच शिकता येते. ज्याला कशालाच हात लावू दिला नाही त्याला कशाची किंमत कळावी?

ह्यावर ग्रामीण जीवनाचा पुळका असणारे काही मित्र म्हणतात, "आमची खेडी हेच मोठे संग्रहालय आहे. शेतकऱ्याचे मूल मातीतच वाढते. त्याला हे नाटक कशाला?" हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, परंतु त्याच्या पोटात निष्ठुरपणा दडलेला आहे. ह्याच जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, आणि त्यांची मुले फडावर आईबापांच्या मागे वाढी गोळा करीत हिंडतात. त्या मुलांच्या हातांना काम पुष्कळ आहे. त्यांना 'हे असे का?' असे विचारण्यास फुरसत मात्र कोणी देत नाही. इकडे आमच्यासारख्यांच्या घरची मुले प्रश्न पुष्कळ विचारतात, परंतु त्यांच्या हातांना पेन व काचेची पडदी ह्यांपलीकडे कशाचाच स्पर्श नाही. एकाचे हात राबतात व बुद्धी उपाशी राहते. दुसऱ्याची बुद्धी चरते व हात लुळे पडतात. ही फाळणी आपल्या समाजात फार जुनी आहे, आणि तिच्यामुळे आपले किती नुकसान झाले हे वाचकांना निराळे सांगावयास नको. ज्या जागी ही दोन मुले एकाच कप्पीची दोरी दोन बाजूंनी ओढतील अशी जागा आज गावात कोठे आहे? म्हणून अशा दालनाला प्रवेशमूल्य असता कामा नये, आणि ते शहराच्या टोकावरील एखाद्या श्रीमंत शाळेच्या कुंपणात कोंडलेले असता कामा नये.

शेवटचा आक्षेप पालकांचा. "ह्या खेळांना परीक्षेत गुण किती?" एकही नाही. परंतु आपण मुलाला संग्रहालयात नेतो तेव्हाही परीक्षकाचीच वृत्ती घेऊन जातो, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसले. माझ्या शेजारचे एक गृहस्थ प्रत्येक वस्तूपुढील पाटी मुलाला मोठ्याने वाचावयास लावीत होते, आणि वाचून झाले की छायाचित्र काढून पुढे चालत होते. बाहेर पडताच त्यांनी विचारले, "काय काय शिकलास ते सांग पाहू." मुलगा बिचारा गोंधळून गेला. माझी नात मात्र त्याच वेळी एका दातेरी चाकापाशी खिळून राहिली होती. लहान चाक तीनदा फिरते तेव्हा मोठे एकदा फिरते, हे तिने बोटाने खूण करून मोजून काढले, आणि त्यात अर्धा तास घालविला. बाकीची दालने पाहावयाची राहून गेली म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो! आज वाटते, त्या दिवसात खऱ्या अर्थाने संग्रहालय जर कोणी पाहिले असेल तर ते तिनेच.

तेव्हा मागणी काय ती स्पष्ट सांगतो. मोठी इमारत नको, घुमट नको, शिलालेख नको. एखाद्या शाळेचे किंवा वाचनालयाचे एक हवेशीर दालन पुरे. त्यात वीसच वस्तू असाव्यात, पण वीसही चालू असाव्यात. चाळीस वर्षे लेथ चालवून निवृत्त झालेले फिटर, सुतार, गवंडी ह्या गावात हवे तितके मिळतील. त्यांपैकी एकास मानाने बोलावून पगारावर नेमावे, आणि त्याचे बाक मुलांच्या देखत दालनाच्या दारातच असावे. वार्षिक खर्चात 'मोडतोड' असे सदर असावे, आणि वर्षाअखेर ती रक्कम शिल्लक राहिली तर व्यवस्थापकांना त्याचा जाब विचारावा; कारण मोडले नाही ह्याचा अर्थ कोणी वापरले नाही. शाळांनी शंभर मुले एकदम आणू नयेत, वीस आणावीत व दोन तास ठेवावीत. आणि वडीलधाऱ्यांसाठी भिंतीलगत एक लांब बाक टाकावे. त्यांनी त्यावर बसावे, मुलाने बोलाविल्याखेरीज उठू नये, आणि सदरे भिजतील हे गृहीत धरून घरून दुसरा सदरा बरोबर आणावा.

ह्या मागणीत अशक्य असे काय आहे? लाखो रुपयांच्या स्वागतकमानी आपण एका दिवसासाठी उभारतो. ज्यांना ह्या लेखातील म्हणणे पटले असेल त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. प्रथम आपल्याच घरातील एक खोका जुन्या कुलपांनी, बिघडलेल्या घड्याळांनी, सुतळीच्या गुंडीने व दोनचार कप्प्यांनी भरून मुलांच्या स्वाधीन करावा, आणि आपले तोंड आवरावे. मी हा प्रयोग दिवाळीनंतर आरंभिला आहे. एक घड्याळ होते ते आता मुळीच चालत नाही, आणि एका तांब्याला पोचा आला आहे. परवा नातवाने माडीच्या कठड्याला कप्पी बांधून तोच तांब्या खालून वर ओढला. अर्धे पाणी माझ्या अंगावर सांडले. माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी गिळले, आणि जाऊन सदरा बदलला.